लास्ट टच कुणाचा? बास्केटबॉलमधल्या एका भांडणाचा इतिहास

अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही जा. शाळेच्या नाहीतर कॉलेजच्या आवारातलं सिमेंटचं कोर्ट, रंग उडालेल्या रेषा, पलीकडे कंपाउंडची भिंत. रिबाउंडसाठी दोघं उडी मारतात, चार हात बॉलला लागतात आणि बॉल साइडलाइन ओलांडून भिंतीवर आपटतो. त्याच क्षणी दोघंही एकमेकांकडे बोट दाखवून ओरडतात, 'त्याचा लास्ट टच!' हे दृश्य तुम्ही पाहिलं असेलच, कदाचित ओरडणाऱ्यांपैकी एक तुम्हीच असाल. गंमत अशी की बहुतेक वेळा दोघंही खोटं बोलत नसतात. दोघांनाही अगदी मनापासून तसंच वाटलेलं असतं.

संशोधनाची तयारी करणाऱ्यांसाठी लिहायच्या जागेवर बास्केटबॉल कुठून आला, असं वाटेल. सांगतो. माझं रोजचं काम दोन डिटेक्टरमधल्या पल्समधला वेळ मोजण्याचं आहे. 'आधी कोण आलं?' हा प्रश्न आमच्या प्रयोगशाळेत दिवसातून शंभर वेळा विचारला जातो, आणि एका ठरावीक मर्यादेच्या आत तो प्रश्न विचारायचाच नाही हे आम्ही पहिल्या महिन्यात शिकतो. त्या मर्यादेच्या आत आलेल्या दोन पल्स एकत्र आल्या असं समजायचं, बस. खेळाच्या नियमांनाही हे शिकायला लागलं, पण त्यांना शंभरेक वर्षं लागली. शिवाय तिथे समोर अकरा-बारा माणसं हातवारे करत उभी होती, ज्याची आमच्या ऑसिलोस्कोपला सवय नाही.

सुरुवात १८९१ च्या डिसेंबरपासून. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात, स्प्रिंगफील्डच्या वायएमसीए प्रशिक्षण शाळेत जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकाने हिवाळ्यात आत खेळता येईल असा खेळ तयार केला. तेरा नियम टाइप करून नोटीस बोर्डावर लावले. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ जण, फुटबॉलचा चेंडू, पीच फळांच्या दोन टोपल्या. १५ जानेवारी १८९२ ला हे नियम शाळेच्या 'द ट्रँगल' या पत्रात छापून आले. त्या टाइप केलेल्या दोन कागदांचा डिसेंबर २०१० मध्ये न्यूयॉर्कला लिलाव झाला आणि ते ४३ लाख डॉलरहून जास्त किमतीला गेले. आज ते कॅन्सस विद्यापीठात आहेत.

आपल्याला त्यातला नववा नियम हवा आहे. त्याचा आशय असा: चेंडू हद्दीबाहेर गेला तर तो आत फेकायचा आणि जो त्याला पहिला हात लावेल त्याने खेळायचा. वाद झाला तर अंपायरने तो सरळ मैदानात टाकायचा. आत फेकणाऱ्याला पाच सेकंद, त्याहून जास्त वेळ धरून ठेवला तर चेंडू प्रतिपक्षाचा.

आता हे इतिहासाचं साधन म्हणून वाचा. पहिली गोष्ट, 'लास्ट टच' हा शब्दच इथे नाही. चेंडू कुणामुळे बाहेर गेला याची नाइस्मिथला फिकीर नाही. दुसरी, वाद होणार हे त्याने पहिल्याच दिवशी गृहीत धरलंय. तेरा नियमांपैकी 'वाद झाल्यास' अशी वेगळी सोय नेमकी याच नियमात आहे. तिसरी गोष्ट जरा बारकाईने पाहिल्यावर दिसते. दहाव्या नियमात अंपायरचं काम सांगितलंय, माणसांवर लक्ष ठेवायचं, फाउल मोजायचे. अकराव्यात रेफरीचं काम, चेंडूवर लक्ष ठेवायचं, तो आत आहे की बाहेर आणि कुणाचा आहे ते ठरवायचं. मग वादातला चेंडू रेफरीच्या हातात हवा ना? पण नवव्या नियमात तो अंपायरच्या हातात दिलाय. ही घाईत झालेली विसंगती की मुद्दाम केलेली सोय, हे त्या दोन कागदांवरून कळत नाही. पण अशी जागा सापडली की तिथे पेन्सिलने खूण करायची, ही सवय आत्तापासून लावून घ्या. मूळ साधन गुळगुळीत नसतं. ते गुळगुळीत होतं नंतरच्या पाठ्यपुस्तकांत.

तर सुरुवातीच्या काळात व्यवहार असा झाला, की बाहेर गेलेला चेंडू जो आधी पकडेल त्याच्या संघाने तो आत फेकायचा. ऐकायला किती सोपं. शेवटचा स्पर्श कुणाचा हे पाहायला डोळा तीक्ष्ण लागतो, पण चेंडू कुणाच्या हातात आहे हे कुणालाही दिसतं. निर्णयाचा भार जवळजवळ शून्य.

त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागली. चेंडू बाहेर गेला की दहा माणसं त्याच्यामागे. नाइस्मिथच्या आठवणींचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर १९४१ मध्ये आलं. त्यात व्यायामशाळेच्या वरच्या गॅलरीत चेंडू गेल्यावर खेळाडू जिन्याकडे धावायचे, तर कधी एकमेकांच्या खांद्यावर चढून वर पोचायचा प्रयत्न करायचे असं वर्णन आहे. व्यावसायिक संघांनी तर कोर्टाभोवती जाळीचा पिंजराच उभा केला. चेंडू बाहेर जाणारच नाही, मग भांडण कसलं? इंग्रजी वर्तमानपत्रांत बास्केटबॉल खेळाडूंना बराच काळ 'केजर्स' म्हणायचे ते या पिंजऱ्यामुळे. मला हा उपाय आवडतो. मोजमाप जमत नसेल तर मोजायची परिस्थितीच येऊ द्यायची नाही! आपल्याकडे बैठ्या चाळींच्या अंगणात टेनिस बॉलचं क्रिकेट खेळताना 'भिंतीपलीकडे गेला की आउट' असा नियम करतात, त्याच जातीचं शहाणपण हे.

१९१३ मध्ये नियम बदलला. ज्याच्या स्पर्शाने चेंडू बाहेर गेला, त्याच्या विरुद्ध संघाला थ्रो-इन. आज आपण हाच नियम इतका गृहीत धरतो की दुसरं काही असू शकतं हे सुचत नाही. धक्काबुक्की थांबली हे खरं. पण या बदलाने आणखी काय केलं बघा. पूर्वी प्रश्न होता, 'चेंडू कुणाच्या हातात आहे?' आता प्रश्न झाला, 'एका सेकंदापूर्वी चेंडूला शेवटचं बोट कुणाचं लागलं?' पहिल्या प्रश्नाचं उत्तर समोर दिसत असतं. दुसऱ्याचं उत्तर घडून गेलेलं असतं. मागे उरते फक्त कुणाची तरी आठवण. अंगाने होणारं भांडण गेलं आणि त्या जागी साक्षीपुराव्याचं भांडण आलं. साक्ष देणारे दोघं, दोघंही हितसंबंध असलेले. मधे शिट्टी घेतलेला माणूस.

हा खेळ आपल्याकडे वायएमसीएच्या माणसांबरोबरच आला. मद्रासला १९२० मध्ये हॅरी क्रो बक यांनी वायएमसीएचं शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केलं आणि तिथून शिकलेले शिक्षक देशभर गेले. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९३४ मध्ये दिल्लीला झाली, बास्केटबॉल फेडरेशन ऑफ इंडिया १९५० मध्ये. मुंबईत या खेळाचं माहेर म्हणजे नागपाडा. अमेरिकन मराठी मिशनच्या क्लिफर्ड मॅन्शार्ट यांनी १९२० च्या दशकात तिथे नागपाडा नेबरहूड हाउस सुरू केलं. १९३६ मध्ये ज्या समाजकार्य शाळेचे ते पहिले संचालक झाले, तीच पुढे देवनारची 'टिस' झाली. तुमच्यातले काही जण तिथे प्रवेशासाठी धडपडत असतील, म्हणून हा धागा सांगितला. उपनगरांत बास्केटबॉल पसरला तो मुख्यतः शाळा-कॉलेजांच्या मैदानांवरून, आणि आलेला खेळ १९१३ नंतरचा होता. म्हणजे लास्ट टचचं भांडण आपल्याला आयतंच मिळालं. पिंजरा आपण पाहिलाच नाही.

आता 'माहीत नाही' या उत्तराकडे येऊ. मला विचाराल तर या सगळ्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा शोध हाच.

रेफरीला कळलंच नाही, किंवा दोन रेफरींचं पटलं नाही, तर काय? आंतरराष्ट्रीय महासंघाच्या म्हणजे फिबाच्या नियमपुस्तकात याला 'जंप बॉल परिस्थिती' म्हटलंय. चेंडू बाहेर गेला आणि शेवटचा स्पर्श कुणाचा याबद्दल पंचांना शंका आहे किंवा त्यांच्यात मतभेद आहे, हे त्या यादीतलं एक कलम. पूर्वी अशा वेळी खरोखरच दोन खेळाडूंमध्ये चेंडू उडवायचे. अमेरिकेच्या एनबीएत आजही उडवतात. अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलने १९८१ मध्ये आणि फिबाने २००३ मध्ये पाळीपाळीने ताबा द्यायची पद्धत घेतली. सामन्याच्या सुरुवातीला एकदाच चेंडू उडवायचा. ज्या संघाला तो मिळाला नाही त्याच्या नावाने टेबलावर बाण ठेवायचा. पुढच्या वेळी शंका आली की चेंडू बाणवाल्या संघाला, आणि बाण उलटा.

या बाणाला सत्याशी काही देणंघेणं नाही, हे लक्षात घ्या. 'शेवटचा स्पर्श कुणाचा' याचं उत्तर तो देतच नाही. तो फक्त म्हणतो, उत्तर मिळत नाहीये तर पाळी कुणाची ते बघा. नाइस्मिथच्या 'वाद झाला तर सरळ आत टाका' या वाक्याचाच हा पणतू. मोठ्या स्पर्धांत टेबलावर दिव्याचा बाण असतो. आमच्याकडच्या आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत टेबलावर बसायची पाळी माझ्यावर बऱ्याचदा येते, तिथे पुठ्ठ्याचा बाण असतो आणि पंख्याच्या वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर मोबाइल ठेवलेला असतो. काम तेवढंच चोख होतं.

पण बाणापर्यंत यायच्या आधी दोन रेफरी काय करतात ते बघण्यासारखं आहे. एक बेसलाइनवर उभा असतो, दुसरा हल्ल्याच्या मागे. कोणती रेषा कुणाची हे आधीच वाटून घेतलेलं असतं. ज्याच्या रेषेवरून चेंडू गेला तो शिट्टी मारतो, तळहात उघडा ठेवून हात वर करतो म्हणजे घड्याळ थांबतं, आणि मग दिशा दाखवतो. शिट्टी आणि दिशा यांच्यामधला तो अर्धा सेकंद फार मोलाचा असतो. चांगला रेफरी त्या अर्ध्या सेकंदात जोडीदाराकडे एक नजर टाकतो. जोडीदाराला जास्त नीट दिसलं असेल तर तो हळूच खूण करतो. दिसलं नसेल तर ढिम्म उभा राहतो. त्यानेही घाईघाईने उलट दिशा दाखवली की संपलं, प्रेक्षकांसमोर मतभेद उघड, दोन अंगठे वर, टेबलाकडे बघा. फिबाच्या नियमांत एक वाक्य आहे ज्याचा अर्थ असा, की एका पंचाने आपल्या कामाच्या कक्षेत दिलेला निर्णय रद्द करायचा किंवा त्यावर प्रश्न उभा करायचा अधिकार दुसऱ्या कुठल्याही पंचाला नाही. म्हणजे क्रू चीफ मोठा असला तरी साथीदाराच्या डोक्यावर बसू शकत नाही. माहिती देऊ शकतो. निर्णय ज्याने शिट्टी मारली त्याचाच. गाइड आणि विद्यार्थी यांच्यातही असा नियम असता तर, असा विचार मनात आला, पण असो.

आता सुरुवातीच्या त्या दोन ओरडणाऱ्यांकडे परत जाऊ. दोघंही मनापासून का ओरडतात?

एप्रिल २०१९ मध्ये 'सायन्स अ‍ॅडव्हान्सेस' मध्ये टाय टँग आणि मायकेल मॅकबीथ या अ‍ॅरिझोना स्टेट युनिव्हर्सिटीच्या दोघांचा शोधनिबंध आला. शीर्षकातच प्रश्न होता, चेंडू बाहेर कुणी घालवला? त्यांनी सहभागी व्यक्तींना स्वतःचा स्पर्श आधी झाला की समोरच्याचा, हे ठरवायला सांगितलं. मग समोरच्या माणसाऐवजी यंत्राचा स्पर्श ठेवला. मग स्पर्शही काढून टाकला आणि नुसता 'टक्' असा आवाज ठेवला. तिन्ही प्रकारांत एकच गोष्ट आढळली. आपली स्वतःची कृती बाहेरच्या घटनेच्या सुमारे ५० मिलिसेकंद आधी झाली असं माणसाला वाटतं. दोन्ही गोष्टी एकाच क्षणी घडल्या तरी 'मी आधी' असंच जाणवतं. बास्केटबॉलमध्ये 'मी आधी' याचाच अर्थ 'तो शेवटी'. झालं, भांडण सुरू.

५० मिलिसेकंद म्हणजे किती? सेकंदाला ८ मीटर वेगाने जाणारा चेंडू तेवढ्या वेळात ४० सेंटिमीटर जातो. चेंडूचा व्यास साधारण २४ सेंटिमीटर. म्हणजे चेंडू स्वतःच्या दीडपटीहून जास्त अंतर कापतो तेवढा काळ तुमचं मन गाळात आहे. कोर्टवर याहून कमी फरकाने बोटं लागणं अगदी नेहमीचं.

इथे एक सावधगिरी. या प्रयोगात कुणी बास्केटबॉल खेळलेलं नाही. प्रयोगशाळेतलं शांत वातावरण, साधा स्पर्श, आणि विचारलेला एकच प्रश्न. तिथून खऱ्या सामन्यातल्या भांडणापर्यंतची उडी हे अनुमान आहे, लेखकांनीही ते संभाव्यतेच्या भाषेतच मांडलंय. बातम्यांमध्ये मात्र ते 'विज्ञानाने सिद्ध केलं' या थाटात येतं. निबंध वाचताना मोजलेलं काय आणि त्यावरून म्हटलेलं काय, यांच्यामध्ये एक रेघ ओढा. मुलाखतीत हाच प्रश्न येतो.

हा प्रकार विज्ञानाला नवा नाही. १७९६ मध्ये ग्रिनिचच्या वेधशाळेत मॅस्केलाइनने आपला सहायक किनब्रुक याला कामावरून काढलं, कारण ताऱ्यांच्या संक्रमणाच्या त्याच्या नोंदी मॅस्केलाइनच्या नोंदींपेक्षा सुमारे ०.८ सेकंदाने वेगळ्या यायच्या. पुढे १८२० च्या दशकात बेसेलने निरीक्षकांची एकमेकांशी तुलना केली आणि कळलं, की प्रत्येक निरीक्षकाचा असा स्वतःचा फरक असतोच. किनब्रुक बिचारा आळशीही नव्हता आणि खोटारडाही नव्हता. त्या काळात टेबलावर बाण नव्हता, एवढंच.

मग कॅमेरे आले, आणि वाटलं की सुटलो. फिबाच्या नियमांत, व्हिडिओची सोय असेल तर, चौथ्या क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत आणि जादा वेळेत चेंडू कुणामुळे बाहेर गेला हे पडद्यावर तपासता येतं. एनबीएने २०१९-२० च्या हंगामापासून प्रशिक्षकाला निर्णयाला आव्हान द्यायचा हक्क दिला. त्याच हंगामाच्या तोंडावर, ४ आणि ५ ऑक्टोबर २०१९ ला, वरळीच्या एनएससीआय डोममध्ये सॅक्रामेंटो किंग्ज आणि इंडियाना पेसर्स यांचे सराव सामने झाले. भारतातले एनबीएचे ते पहिले सामने, पहिल्याला हजारो शाळकरी मुलं प्रेक्षक. त्यातली कितीतरी मुलं परत आपल्या कोर्टवर गेली, जिथे शेवटचा पुरावा अजूनही कुणाचा तरी आवाज हाच असतो.

कॅमेऱ्याने काय केलं? एक बचाव करणारा खेळाडू समोरच्याच्या हातातला चेंडू फटका मारून बाहेर घालवतो. उघड्या डोळ्यांना दिसतं, फटका याचा, म्हणून चेंडू बाहेर याच्यामुळे. शंभर वर्षं सगळे रेफरी हेच देत आले. आता तीच फीत एकेक फ्रेम करून बघा. फटका लागल्यावर चेंडू सुटताना, ज्याच्या हातात तो होता त्याच्या बोटांची टोकं अगदी शेवटी घासून जातात. नियमाच्या अक्षराप्रमाणे शेवटचा स्पर्श त्याचा! म्हणजे ज्याच्या हातून चेंडू हिसकावला त्याच्याच विरुद्ध निर्णय. नियमातलं अक्षरही बदललं नाही, पण मोजायचं साधन बदललं आणि नियमाचा अर्थ बदलला. आणखी एक भानगड, पडद्यावर स्पर्शाच्या आधी झालेला धक्का दिसायचा पण तपासायची परवानगी फक्त स्पर्शाची. अखेर २०२४-२५ च्या हंगामात एनबीएने मुभा दिली, की अशा आव्हानाच्या वेळी लगतच फाउल झाला असेल तर तोही बघा. साधन सुधारलं की व्याख्या दुरुस्त करावी लागते, हे तुम्हाला प्रयोगशाळेत लवकरच भेटेल. आपल्या फोनचं चित्रीकरण तर सेकंदाला ३० फ्रेमचं असतं, म्हणजे दोन फ्रेममध्ये ३३ मिलिसेकंद. सामन्यानंतर कट्ट्यावर फोन नाचवत 'बघ, बघ' करणाऱ्याला हे एकदा सांगून बघा. ऐकणार नाही, पण सांगा.

इथपर्यंत आपण एकाच जातीचा वाद पाहिला, घडलं काय हाच वाद. दुसऱ्या जातीचा वाद समजायला आपल्याच मातीतल्या खेळाकडे यावं लागेल, कारण त्याचं इतकं स्वच्छ उदाहरण बास्केटबॉलमध्ये मला सापडलं नाही.

७ ऑक्टोबर २०२३, हांगझोऊ, आशियाई स्पर्धेतला पुरुष कबड्डीचा अंतिम सामना. भारत विरुद्ध इराण. भारतीय संघात महाराष्ट्राचे अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे. गुण २८-२८, साधारण एक मिनिट बाकी. पवन सेहरावत चढाईला गेला आणि कुणालाही स्पर्श न करता राखीव क्षेत्रात गेला. त्याला रोखायला इराणचे बचावपटू त्याच्यामागे त्याच क्षेत्रात शिरले.

कबड्डी न पाहणाऱ्यांसाठी: मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पट्टा असतो, राखीव क्षेत्र, ज्याला सगळे लॉबी म्हणतात. झटापट सुरू झाली की तो मैदानाचा भाग होतो. त्याआधी तो बाहेर. म्हणजे एकच जागा कधी आत, कधी बाहेर. बास्केटबॉलची रेषा त्या मानाने गरीब गाय. ती कायम बाहेरच असते, तिच्यावर बुटाचं टोक टेकलं की तुम्ही बाहेर. कबड्डीत रेषा मैदानातच धरतात, पण तिच्या पलीकडचा पट्टा स्पर्शावर अवलंबून जिवंत होतो.

स्पर्श नाही, म्हणून पवन बाद. इथे प्रश्न नाही. पण मागे शिरलेले बचावपटू? जुन्या नियमाप्रमाणे तेही बाद, कारण झटापट नसताना ते राखीव क्षेत्रात गेले. प्रो कबड्डीत वापरात आलेल्या नव्या नियमाप्रमाणे चढाईपटू बाहेर गेला त्याच क्षणी चढाई संपली. त्यानंतर कोण कुठे गेलं याला अर्थ नाही. जुन्या नियमाने भारताला चार गुण आणि इराणला एक. नव्याने हिशेब अगदी वेगळा. पडद्यावरचं चित्र दोन्ही बाजू एकच बघत होत्या, पावलं कुठे पडली यावर फारसं दुमत नव्हतं. वाद होता तो हा, की आज इथे कोणतं पुस्तक लागू आहे? पंचांचा निर्णय एकदा फिरला, परत फिरला. खेळाडू मॅटवर बसून राहिले. सुमारे तासभर सामना थांबला. शेवटी जुना नियम लागू धरला गेला आणि भारत ३३-२९ ने जिंकला.

आता हे बास्केटबॉलच्या बाणाशेजारी ठेवून बघा. बाण या वादात काय करणार? काहीच नाही. 'दिसलं नाही' याला बाण आहे, जंप बॉल आहे, कॅमेरा आहे. 'नियम कोणता' याला सामना सुरू व्हायच्या आधीची बैठक सोडून दुसरं औषध नाही. माझा अंदाज विचाराल तर हांगझोऊच्या पंचांची चूक त्या तासात शोधण्यात अर्थ नाही. ती शोधायची असेल तर त्याआधीच्या वर्षांतल्या कागदपत्रांत शोधावी लागेल, जेव्हा एकाच खेळाची दोन नियमपुस्तकं शेजारी-शेजारी नांदत होती आणि खेळाडू वर्षभर एकाने खेळून स्पर्धेला दुसऱ्यावर येत होते. इतिहासाच्या विद्यार्थ्याला इथे अख्खा प्रबंध आहे. कबड्डीचे नियम लेखी स्वरूपात आले ते बडोदा, पुणे, सातारा, मुंबई या पट्ट्यातच. १९३४ मध्ये अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने केलेले नियम हा त्यातला मोठा टप्पा. आणि मुंबई उपनगरातल्या कबड्डीच्या मैदानांवर जुना आणि नवा दोन्ही नियम अंगवळणी पडलेले पंच आजही शिट्टी घेऊन उभे असतात. त्यांच्याशी बोलायला व्हिसा लागत नाही, हार्बरचा किंवा सेंट्रलचा पास पुरतो.

ज्यांना लगेच काहीतरी करून बघायचंय त्यांच्यासाठी: नाइस्मिथचे तेरा नियम अक्षरशः दोन पानांचे आहेत, ते आधी वाचा. मग फिबाचं आत्ताचं नियमपुस्तक घ्या, त्यातलं जंप बॉलचं कलम आणि हद्दीबाहेरचं कलम काढा. दोन्ही शेजारी ठेवून, आजच्या पुस्तकातल्या प्रत्येक वाक्यापुढे लिहा, की हे वाक्य लिहायची वेळ यावी म्हणून कोर्टवर आधी काय घडलं असेल. लिहिलेल्यापैकी किती गोष्टींना पुरावा आहे आणि किती तुम्ही रचल्यात, त्याच्या खुणा दुसऱ्या रंगाने करा. सुरुवात नवव्या नियमापासून करा, सोपं जाईल.